घंटा वाजवू नये

परदेशातल्या लग्नाला निघालेल्या वऱ्हाडाला काय काय सांगावे लागते, याची कल्पना ज्याने ते काम अंगावर घेतले आहे त्यालाच येईल. माझ्या मामेबहिणीचे लग्न दक्षिण आफ्रिकेत, केपटाउनपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर स्टेलनबॉश गावाजवळच्या एका जुन्या द्राक्षमळ्यावर ठरले, तेव्हा मळेवाल्यांनी पाहुण्यांसाठी एक गुळगुळीत कागदाची इंग्रजी पुस्तिका पाठवली. टाचांचे बूट हिरवळीत रुततात, संध्याकाळी शाल जवळ ठेवावी, कोणत्या झाडाखाली छायाचित्रे चांगली येतात, असा सगळा मजकूर तीत होता. आमच्याकडून निघणारी माणसे बावीस. त्यांपैकी निम्म्यांना ती वाचायचा कंटाळा येणार होता आणि उरलेल्यांना इंग्रजी येतच नव्हते. सबब मामांनी फर्मान काढले, "तू इतिहासाची ना गं? मग लिही आपल्या मराठीत." इतिहासाच्या विद्यार्थिनीच्या वाट्याला घरात एवढाच मान येतो, तो सोडणे मला परवडणारे नव्हते.

पहिले पान सोपे गेले. लग्न फेब्रुवारीत. निफाडच्या थंडीत स्वेटर घालून निघायचे आणि तिथल्या भर उन्हाळ्यात उतरायचे. घड्याळ साडेतीन तास मागे. रहदारी आपल्यासारखीच डावीकडून. उन्हाळ्यात तिकडे आग्नेयेकडून जो वारा सुटतो त्याला लोक 'केप डॉक्टर' म्हणतात, कारण तो शहरावरची घाण हवा उडवून नेतो. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की तो फेटे, अंतरपाट आणि अक्षता यांनाही सोडत नाही. गोरज मुहूर्त धरला होता. पण तिथला सूर्य फेब्रुवारीत साडेसातच्या पुढे मावळतो, तेव्हा पाच वाजता नटून बसू नये अशी सूचना घालावी लागली. दुपारचा सूर्य तिथे उत्तरेला असतो हे वाचून मोठी मावशी गंभीर झाली. "म्हणजे सगळं उलटंच की," ती म्हणाली. उगवतो पूर्वेलाच, हे सांगितल्यावर तिला जरा धीर आला.

वाइन चाखण्याविषयीही दोन ओळी होत्या. घोट तोंडात घोळवतात आणि शेजारी ठेवलेल्या भांड्यात थुंकून टाकतात, ही रीत आहे. त्यावर मामींचा प्रश्न: "थुंकायचीच, तर घ्यायची कशाला?" यावर तज्ज्ञांनी विचार करावा.

जेवणाविषयी लिहिताना मात्र पेन थोडे अडखळले. केपच्या मुसलमान वस्तीतल्या स्वयंपाकात रोटी आहे, समोसा आहे, सांबल आहे, आणि लोणच्याला चक्क 'अचार' म्हणतात. इतक्या दूरच्या ताटात अचार कुठून आले? हा प्रश्न विचारला आणि माझे माहितीपत्रक चार पानांवरून नऊ पानांवर गेले.

यान फान रिबेक ६ एप्रिल १६५२ रोजी टेबल बेच्या किनाऱ्यावर उतरला तो राज्य करायला नव्हे, भाजीपाला पिकवायला. हिंदुस्थान आणि जावा यांच्याकडे ये-जा करणाऱ्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांना ताजे अन्नपाणी मिळावे, म्हणून हा वाटेवरचा थांबा. त्या भूमीवर खोइखोइ लोक आधीपासून गुरे चारत होते. पुढे त्यांचीच कुरणे गेली. रिबेकने वेलीही लावल्या आणि २ फेब्रुवारी १६५९ रोजी केपच्या द्राक्षांची पहिली वाइन निघाल्याची नोंद आपल्या रोजनिशीत केली. १६७९ मध्ये सिमोन फान डर स्टेल कारभारी होऊन आला. त्याच वर्षी त्याने नदीकाठी गाव वसवले आणि त्याला स्वतःचे नाव दिले, ते स्टेलनबॉश. १६८५ मध्ये त्याला कॉन्स्टॅन्शियाची जहागीर मिळाली. १६८८ च्या सुमारास धर्मछळातून पळालेले दीड-दोनशे फ्रेंच प्रॉटेस्टंट आले. त्यांना दिलेल्या खोऱ्याला पुढे 'फ्रान्शहूक', म्हणजे फ्रेंचांचा कोपरा, हे नाव पडले. त्याआधी त्या जागेला हत्तींचा कोपरा म्हणत. इंग्रजी पुस्तिकेत हत्तींना एक ओळ होती.

कॉन्स्टॅन्शियाची गोड वाइन पुढे युरोपभर गाजली. सेंट हेलेनावरच्या कैदेत नेपोलियन ती पीत असे. जेन ऑस्टिनच्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' (१८११) या कादंबरीत प्रेमभंगावर उतारा म्हणून ती मॅरिअनसाठी आणली जाते आणि प्यायला मिळते ती मात्र थोरल्या समंजस एलिनोरला. आमच्या इंग्रजीच्या वर्गाला हा प्याला माहीत असेल. तो भरला कोणी, हा प्रश्न पाठ्यक्रमात येत नाही.

भरला तो गुलामांनी. १६५२ ते १८०८ या काळात साठ हजारांहून अधिक माणसे गुलाम म्हणून केपला आणली गेली: मादागास्करहून, मोझांबिकहून, इंडोनेशियाच्या बेटांवरून, आणि ढोबळमानाने चौथा हिस्सा हिंदुस्थानातून. बंगाल, मलबार, कोरोमांडलचा किनारा. कागदोपत्री त्यांची नावे 'बंगालचा अमुक', 'मलबारची तमुक' अशी आहेत. ज्या पांढऱ्याशुभ्र, गवताने शाकारलेल्या, नक्षीदार दर्शनी भिंतींच्या घरांपुढे आज नवराबायको छायाचित्रे काढून घेतात, त्यांच्या भिंती बांधण्यात आणि वेलींची मशागत करण्यात हे हात होते. अचार असे आले.

त्यांतली एक अँजेला. बंगालची. ती रिबेकच्याच घरी गुलाम होती. पुढे विकली गेली, १६६६ मध्ये मुक्त झाली आणि १६६९ मध्ये तिने आर्नोल्डस बासोन या गोऱ्या माणसाशी लग्न केले. तिची आधीची मुलगी आना दे कोनिंग. हिचे लग्न कप्तान ओलोफ बेर्ख याच्याशी झाले. बेर्खने १७१६ मध्ये ग्रूट कॉन्स्टॅन्शिया, म्हणजे फान डर स्टेलच्या जहागिरीतला वाडा आणि मळा, विकत घेतला आणि तो १७२४ मध्ये वारल्यावर पुढची दहा वर्षे, मरेपर्यंत, आनाच तिथली मालकीण होती. बंगालमधून आणलेल्या गुलाम बाईची लेक जगप्रसिद्ध द्राक्षमळ्याची मालकीण! हे वाचले तेव्हा मी ग्रंथालयातच मोठ्याने "अरे वा" म्हणाले. पुढच्या पानावर कळले की आनाच्या पदरीही गुलाम होते. 'अरे वा' मागे घेता येत नाही. पण माहितीपत्रकात मी दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी लिहिल्या.

परंतु माहितीपत्रक होते लग्नाचे. आणि लग्न या गोष्टीपाशीच मी सर्वांत जास्त थांबले. आजचे हे खोरे लग्नांवरही जगते. सुट्टीच्या दिवशी कुठल्याही मळ्यावर जा, एक मांडव पडलेला असतो. आणि याच खोऱ्यात, वेलींना खतपाणी घालणाऱ्या माणसांना लग्न करायचा हक्क नव्हता. गुलामांच्या जोडप्याला कायदा नवराबायको मानत नसे. एकाला विकले की दुसऱ्याने पाहत राहायचे. १८२३ च्या फर्मानाने प्रथम ख्रिस्ती गुलामांना विवाहाची मुभा मिळाली. गुलामगिरी १ डिसेंबर १८३४ ला उठली. तरी चार वर्षे 'शिकाऊ' म्हणून त्याच मालकाकडे राबायचे होते, म्हणजे खरी सुटका १८३८ ला. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना.

पुढे आमचीही पाळी आली. १४ मार्च १९१३ रोजी केपटाउनच्याच न्यायालयात न्या. सर्ल यांनी निकाल दिला, की ख्रिस्ती पद्धतीने न झालेली आणि निबंधकाकडे न नोंदलेली लग्ने ही लग्ने नव्हेत. खटला एका मुसलमान बाईला देशात येऊ देण्याचा होता. पण त्या एका निकालाने हिंदू, मुसलमान, पारशी अशा सगळ्या घरांतल्या बायका कायद्यापुढे कोणाच्याच कोणी नाहीत असे झाले. आदल्याच वर्षी, २२ ऑक्टोबर १९१२ रोजी, आपले गोपाळ कृष्ण गोखले याच केपटाउनच्या बंदरात उतरून तिथल्या हिंदी लोकांची गाऱ्हाणी ऐकून गेले होते. निकालानंतर गांधीजींच्या सत्याग्रहात बायका उतरल्या. कस्तुरबा सरहद्द ओलांडून गेल्या आणि तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगून आल्या. १९१४ च्या कायद्याने तो अन्याय बराचसा दूर झाला. मग १९४९ साली गोरे आणि इतर यांच्यातले लग्नच गुन्हा ठरवणारा कायदा आला, तो १९८५ मध्ये रद्द होईपर्यंत चालला. आणि मुसलमानी लग्नांना कायद्याने न मानणे घटनाबाह्य आहे, हे तिथल्या घटना न्यायालयाने सांगितले ते २०२२ साली. आपल्याकडे लग्न जमेना म्हणून लोक पत्रिका दाखवतात; तिथे जमलेले लग्न कायद्याला दाखवावे लागे.

आता नवरदेवाविषयी. त्याचे आडनाव म्हणजे इंग्रजी महिन्याचे नाव आहे. निमंत्रणपत्रिका आली तेव्हा घरात एक गोंधळ झाला. दूरच्या दोन नातेवाइकांनी लग्न त्याच महिन्यात धरले आणि एकाने तर रेल्वेचे आरक्षणही केले. खूप हसलो. नंतर वाचनात आले की केपच्या मालकांना गुलामांची खरी नावे उच्चारण्याचा कंटाळा असे. मग फेब्रुवारी, एप्रिल, सप्टेंबर, ऑक्टोबर अशी नावे देत, आणि त्यांचीच पुढे आडनावे झाली. मी हे ताईला फोनवर विचारले. ती म्हणाली, "हो, त्याला माहीत आहे. तो सांगतो कधीकधी. तू हसलीस ना, मीही पहिल्यांदा हसले होते."

वाद झाला तो घंटेवरून. त्या जुन्या मळ्यांवर एक पांढरा, कमानीचा छोटा मनोरा असतो आणि त्यात घंटा टांगलेली असते. आमच्या पुस्तिकेत तिचे छायाचित्र होते; खाली लिहिले होते, "ऐतिहासिक घंटा; वधूवरांनी दोर ओढतानाचे चित्र अवश्य घ्यावे." नवरदेवाच्या आजीने निरोप पाठवला होता, की लग्नात ती घंटा कोणी वाजवू नये. एवढेच, कारण सांगितलेले नव्हते.

आपल्या लोकांना हे सांगणे भाग होते. घंटा दिसली की हात वर जातो, ही आपली देवळातली सवय. म्हणून मी लिहिले, "घंटा वाजवू नये", आणि खाली कारण लिहिले. मामांनी कच्चा कागद वाचला आणि कारणावर बोट ठेवले.

"एवढं काढ."

"का?"

"मंगल कार्याच्या कागदात सुतकाची बातमी कशाला? वाजवू नये म्हटलं की झालं. आपली माणसं ऐकतात."

"पण का वाजवू नये ते—"

"त्या म्हातारीनं सांगितलं का कारण? नाही ना? मग तू कोण सांगणारी?"

हा मुद्दा बिनतोड होता असे मला अजून वाटते. दोन दिवस मी उत्तर शोधत होते. शेवटी मी मामांना म्हटले, की आजींना कारण ठाऊक आहे म्हणून त्यांना ते सांगावे लागत नाही. आपल्याला ठाऊक नाही. मामा काही बोलले नाहीत. मामी मात्र आतून म्हणाल्या, "लिहू द्या की. आपल्याकडची माणसंही नेली होती म्हणते ना ती?" तेव्हा दोन ओळी छापल्या गेल्या: "या घंटेवर मळ्यातल्या गुलामांचा दिवस सुरू होई आणि संपे. त्यांत आपल्या देशातून धरून नेलेली माणसेही होती." नऊ पानांतली बाकीची पाने किती जणांनी वाचली ते मी विचारले नाही. विमानात एका काकांनी त्यांवर चिवडा घेतलेला मी पाहिला.

तिथे पोचल्यावर मामा वेगळेच झाले. त्यांची निफाडजवळ सहा एकर द्राक्षबाग आहे. इतर मंडळी डोंगर पाहत होती, मामा वेलींपाशी उकिडवे बसले. तिथल्या जुन्या वेली बिनमांडवाच्या, कमरेइतक्या, झुडपासारख्या. "आपल्याकडं वर्षात दोन छाटण्या, एप्रिलात खरड आणि ऑक्टोबरात गोडी, यांची एकच, थंडीतली. आरामात आहेत लेकाचे," असा त्यांचा पहिला अभिप्राय. खुंट अमेरिकन आहे हे त्यांनी कलमाचा सांधा पाहून ओळखले; १८८६ च्या सुमारास फायलोक्सेरा नावाच्या किडीने इथल्या बागा मुळापासून खाल्ल्या, तेव्हापासून तसेच कलम करतात, हे नवरदेवाने सांगितले. घड तोडणाऱ्या बायका डोक्याला फडकी बांधून ओळीत चालल्या होत्या. मामांनी विचारले, "रोज काय पडतो?"

नवरदेवाने मग सगळेच सांगितले. मजुरीचा काही भाग वाइनमध्येच देण्याची पद्धत इथे पिढ्यान्‌पिढ्या होती. तिला 'डॉप' म्हणत. १९६० च्या दशकात कायद्याने ती बंद झाली, तरी कुठे कुठे १९९० पर्यंत चाललीच. आईच्या पोटात असतानाच दारूने अधू झालेल्या मुलांचे प्रमाण या भागात जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. तो स्वतः वाइनला शिवत नाही. २०१२ च्या अखेरीस डी डोर्न्स या खाण्याच्या द्राक्षांच्या गावात मजुरांनी संप केला, महामार्ग अडवला. तेव्हा दिवसाचा किमान रोज ६९ रँड होता, मार्च २०१३ पासून तो १०५ झाला. खाण्याची द्राक्षे म्हटल्यावर मामांनी मान वर केली. ती तर त्यांचीच जात. मामांच्या बागेवर हंगामाला पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या येतात, झोपड्या घालून राहतात. परतताना मोटारीत ते खिडकीबाहेर बघत होते. "आपलं मात्र डॉप नाही," एवढेच एकदा म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "उचल असते."

मग मळ्यावरच लग्न का, हा प्रश्न मी ताईला विचारला होता. उत्तर आजींकडे होते. लहानपणी हंगामात त्या याच मळ्यावर घड तोडायला येत, मागच्या फाटकातून. नातवाच्या लग्नाला त्यांना पुढच्या दाराने यायचे होते आणि खुर्चीवर बसायचे होते. त्यांचे घर गावातल्या 'डी फ्लाक्टे' या वस्तीत होते. १९६४ मध्ये ती वस्ती गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाली आणि तिथल्या 'रंगीत' म्हणून नोंदलेल्या कुटुंबांना गावाबाहेर घालवले गेले. लग्नाच्या आदल्या दिवशी आजी आम्हा चौघींना ती जागा दाखवायला घेऊन गेल्या. ओकची झाडे, स्वच्छ रस्ते, सायकलींवरून जाणारी मुलेमुली. एका भल्या मोठ्या इमारतीसमोर त्या थांबल्या आणि काठीने जमिनीवर चौकोन काढल्यासारखे केले. इथल्या आसपास स्वयंपाकघर.

ती इमारत म्हणजे स्टेलनबॉश विद्यापीठाची कला आणि समाजशास्त्रांची शाखा. पूर्वी तिला बी. जे. फोर्स्टर या वर्णभेदी पंतप्रधानाचे नाव होते. मीही कला शाखेचीच, असे मी सांगितले, कारण त्या वेळी दुसरे काही सुचले नाही. आजी म्हणाल्या, "छान. काय शिकतेस?" मी म्हटले, इतिहास. त्यांनी माझ्या दंडावर थोपटले आणि मावशीचा हात धरून पुढे चालू लागल्या. मावशीला इंग्रजी येत नाही, आजींना मराठी येत नाही. अर्धा तास दोघी बोलत होत्या. काय बोललीस, म्हणून विचारले तर मावशी म्हणाली, "घराचं."

लग्न यथासांग पार पडले. वारा सुटला, अक्षता भलत्याच दिशेला गेल्या, अंतरपाट चौघांनी धरला. घंटा कोणी वाजवली नाही. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी मनोऱ्याच्या पायाशी हळदीकुंकवाची बोटे उमटलेली दिसली. मळ्याच्या व्यवस्थापकाने ती आधी डाग म्हणून पुसायला घेतली होती. मावशीने हे करावे की न करावे, याविषयी माझे मत अजून ठरलेले नाही. आजींनी मला विचारले, याचा अर्थ काय? मी तीन वाक्ये जुळवून पाहिली, तिन्ही अपुरी होती. आजी म्हणाल्या, "राहू दे तसंच."

एक गोष्ट माझ्या नऊ पानांत नव्हती, ती तिथे गेल्यावर कळली. सप्तपदीनंतर ध्रुव आणि अरुंधती दाखवायची असते. ध्रुव तिथून दिसतच नाही. तो क्षितिजाखाली राहतो, आणि सप्तर्षींतली अरुंधतीही डोंगराच्या वर येत नाही. भटजी गुजराती होते आणि तिथले जुने रहिवासी. त्यांनी सरळ उत्तरेकडच्या डोंगराकडे बोट करून नमस्कार करायला सांगितले. मामा मात्र आकाश न्याहाळत उभे राहिले. विजेच्या वेळापत्रकामुळे रात्री बागेला पाणी देणाऱ्या माणसाला तारे ओळखीचे असतात. आग्नेयेला त्रिशंकू वर येत होता. आणि जवळजवळ डोक्यावर एक ठळक तारा होता.

"हा अगस्ती," मामा म्हणाले. "आपल्याकडं पार खाली असतो, दक्षिणेला. बांधावरून दिसेल न दिसेल एवढा." त्यांनी जावयाला हात धरून ओढले आणि मान मागे करायला लावली. जावयाला मराठी कळत नव्हते, पण तो बघत राहिला. मग ताईने हाक मारली. पाने वाढली होती.